जा रे, एक खर्रा आण

शाळेच्या कुंपणापासून १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर ४४ सेंटीमीटर. हे मला पाठ आहे कारण त्या दिवशी टेपचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं सातवीतल्या दोन पोट्ट्यांनी, आणि मागून आमचे एक गुरुजी पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणि फाटका ब्रश घेऊन चालत होते. तंबाखूमुक्त शाळेचे निकष पूर्ण करायचे होते, त्यातला हा एक. १०० यार्डांवर पिवळी रेघ मारायची, रेघेच्या आत तंबाखू विकायचा नाही. आमचा टेप ३० मीटरचा, म्हणजे तीनदा लावायचा आणि वर दीड मीटर धरायचं. दुसऱ्यांदा टेप लावला तेव्हाच तो पानठेल्याच्या पायाला जाऊन लागला.

ठेलेवाल्या बाईनं आधी खुर्ची पुढं केली. "बसा ना जी मॅडम, उन्हात काय मोजता?" तिची मुलगी आमच्याच शाळेत चौथीला, मुलगा सहावीला. आता हिला काय सांगायचं? मी सांगितलं सगळं, कायदा वगैरे, तिनं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मंग किती सरकवू?" मी म्हटलं, चाळीसेक मीटर. पुढच्या आठवड्यात चार माणसांनी ठेला उचलून रेघेच्या बरोब्बर पलीकडे नेऊन ठेवला, कडुनिंबाखाली, उलट तिथं सावली जास्त. आम्ही रेघेचा फोटो काढला, अपलोड केला. झाली शाळा तंबाखूमुक्त. पोरांना खर्रा आणायला चाळीस मीटर जास्त चालावं लागायला लागलं एवढाच काय तो फरक.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. २०११ ला चंद्रपूर जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत ऑर्डर मिळाली तेव्हा खर्रा हा शब्दच मला माहीत नव्हता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पन्नीत टाकायचं आणि लाकडी पाटीवर ती पन्नी दोन्ही तळव्यांनी खसाखसा घासायची, म्हणजे 'घोटायची', इतकी की सुपारीला तंबाखू आणि चुना सगळीकडून लागून त्याचा एक ओलसर गरम भुगा होतो. मग पन्नीला दोरा. दिवसभर त्यातून चिमूट चिमूट तोंडात. विदर्भातल्या कुठल्याही चौकात सकाळी उभं राहा, तो घोटण्याचा आवाज येतोच. माझ्या भाड्याच्या घराच्या मागे एक ठेला होता, पहिले सहा महिने मला वाटायचं कुणीतरी रंधा मारतंय.

आणि या आवाजाबरोबर दुसरा आवाज, जो मला फार उशिरा ऐकू आला. "जा रे, एक खर्रा आण." घरातला बाप म्हणतो, काका म्हणतो, आजी म्हणते, गावातला कुणीही म्हातारा रस्त्यावरून जाणाऱ्या पोराला हाक मारून म्हणतो. पोरगं पैसे घेतं, पळतं, आणतं. येताना गाठ सोडून एक चिमूट. इतकं साधं आहे. शहरात सिनेमातल्यासारखं कुणीतरी काळ्या जॅकेटातला माणूस शाळेच्या गेटवर उभा राहून पोरांना नादाला लावतो अशी जी कल्पना असते ना, तसं इथं काहीही होत नाही. पोराला नादाला लावणारा माणूस त्याच्यावर जीव टाकणारा असतो, बहुतेकदा.

मला हे कळायला हवं होतं खरं तर सगळ्यात आधी. कारण माझी आजी मशेरी भाजायची. चुलीवर लोखंडी तवा, त्यावर तंबाखूची पानं, काळी कुळकुळीत होईपर्यंत, आणि तो धूर असा की अख्ख्या घराला ठसका, शेजारची म्हातारी तिकडून ओरडायची "भाजली का गं?" आणि वाटी घेऊन यायची. मग ती चुरून डबीत. सकाळी दात घासायला, दुपारी जेवल्यावर, मग उगाचच. डबी संपली की मला दुकानात तंबाखू आणायला पाठवायची, मी सात वर्षांची असेन. आणि हो, मीही लावायची. पहिल्यांदा लावली तेव्हा अशी लागली की ओट्यावर भिंतीला धरून बसले, घाम फुटला, उलटी झाली, आणि आजी हसत म्हणाली "सवय न्हाई अजून." सवय न्हाई *अजून*. त्या 'अजून'वर मी पुढं कित्येक वर्षं विचार केलाय. मला कुणी वाईट मुलगी म्हटलं नाही, दातांना चांगली असते म्हणाले. पाचवीला मामाकडे शिकायला गेले, तिथं मशेरी नव्हती, म्हणून सुटली. माझ्या निश्चयाचा, संस्कारांचा, वाचलेल्या कुठल्या धड्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता. नुसतं घर बदललं.

तरी बघा, मास्तरीण झाल्यावर मी काय केलं? खिसे तपासले.

पहिली पाच-सहा वर्षं आमचा कार्यक्रम ठरलेला. सोमवारी परिपाठानंतर रांगेत खिसे उलटे करायला लावायचे, दप्तरं झाडायची. निघायच्या पन्न्या, गोड सुपारीच्या पुड्या, एखादी तंबाखूची पुडी, एकदा तर पाचवीतल्या पोराच्या कंपासमध्ये अर्धा खर्रा निघाला, कोनमापकाच्या खाली व्यवस्थित ठेवलेला. मग सगळ्याचा ढीग करायचा, ३१ मे च्या तंबाखूविरोधी दिवसाला शाळांना सुट्टी असते म्हणून आमची होळी जुलैत, ढीग पेटवायचा, हात पुढं करून शपथ. फोटो. शपथ घेताना मागच्या रांगेतलं एक पोरगं गालातलं सांभाळत बोलत होतं, शब्द नीट फुटत नव्हते, आणि मला ते कळूनही मी फोटो होईपर्यंत थांबले. कारण फोटो महत्त्वाचा होता ना.

आणि एकाला मी घालवलाच. आठवीतला होता, वर्गात दोनदा सापडला, तिसऱ्यांदा मी सगळ्यांसमोर उभा केला आणि म्हटलं बापाला घेऊन ये नाहीतर वर्गात बसायचं नाही. शिक्षण हक्क कायद्यात मुलाला काढून टाकता येत नाही हे मला माहीत होतं, मी काढलंही नव्हतं, कागदावर तर तो हजेरीपटावर होताच. फक्त तो आला नाही. बापाला आणायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, आणि बाप येऊन काय बोलणार, तो स्वतः गालात धरून आला असता. दोन आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेले तर तो मिरची तोडायला तेलंगणाच्या बाजूला गेलेला, टोळीबरोबर. परत आला तो पुढच्या उन्हाळ्यात. रस्त्यात भेटला, "नमस्ते मॅडम" म्हणाला, दात लालभडक. माझ्याकडून खर्रा सुटला नाही त्याचा, शाळा सुटली.

हे मी पूर्वी कुठंच लिहिलं नाहीये. असो.

मग ती खिचडीची गोष्ट. सातवीत एक पोरगा होता, वर्गात सगळे त्याला ठेकेदार म्हणायचे, कारण क्रिकेटची टीम ठरवायची, बॉलसाठी वर्गणी काढायची, गणेशाच्या मांडवाला बांबू आणायचे, सगळे ठेके त्याच्याकडे. बडबड्या, हुशार. शालेय पोषण आहारात खिचडी असली की हा ताट घेऊन नळाखाली जायचा आणि भात धुवून खायचा. खरंच धुवून. हळद-तिखट निघून जाईपर्यंत. मी दोन-तीनदा रागावले, अन्नाची नासाडी वगैरे. तो म्हणायचा, "तिखट लागते जी." स्वयंपाकवाल्या ताई म्हणायच्या, "मॅडम, पहिलीचे लेकरं खातात, याले काऊन तिखट लागते?" चंद्रपूरच्या पोराला तिखट लागतं हे म्हणजे जरा जास्तच झालं, नखरे आहेत असंच मला वाटलं.

नंतर एका प्रशिक्षणात दाताच्या डॉक्टरांनी आम्हाला तीन बोटांची तपासणी शिकवली. स्वतःची तीन बोटं, अंगठा सोडून पहिली तीन, उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या समोरच्या दातांच्या मधे जातात का बघायचं. निरोगी तोंडात साधारण जातात. सुपारी सतत चघळणाऱ्याच्या गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होत जाते, पांढरट, चामड्यासारखी, आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. आणि त्याच्याही आधी काय होतं माहितीये? तिखट सहन होत नाही. आग होते तोंडाची. मी हॉलमध्ये बसल्या बसल्या गार पडले. मला नळाखालचं ते ताट दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी खेळ म्हणून सगळ्यांना तीन बोटं घालायला लावली, आधी स्वतः घालून दाखवली, पोरं हसून हसून लोळली, माकडासारखे चेहरे करत. ठेकेदार पण हसत होता. त्याची दोन गेली. तिसरं नाही गेलं. त्यानं मान तिरकी करून बघितलं, बोटं बदलून बघितली, मग हळूच हात खाली घेतला आणि शेजारच्याकडे बघून पुन्हा हसला, पण वेगळं हसला. वर्गात तसे अजून दोघं निघाले, एक मुलगी. मुलगी! तिचं नाव कधी खिसे तपासताना आलंच नव्हतं, कारण मुलींना खिसेच नसतात आणि दप्तरं आम्ही मुलांचीच जास्त झाडायचो.

ठेकेदाराला घेऊन मी त्याच्या आईबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं, २८ मिलिमीटर. म्हणाले चाळीसच्या आसपास हवं होतं. बारा वर्षांचं पोरगं. त्यांनी विचारलं कधीपासून, तर तो म्हणाला खर्रा पाचवीपासून, "पण सुपारी तं लहानपणापासून." लहानपणापासून, हे बारा वर्षांचा माणूस सांगतोय. आई म्हणाली, गोड सुपारीच देत होते जी, रडायचा तर, त्यात काय तंबाखू असतो?

इथं मला थांबून थोडं बोलायचंय कारण ही चूक आम्हा सगळ्यांची. आमच्या सगळ्या पोस्टरवर तंबाखू, सगळ्या शपथेत तंबाखू, आणि सुपारी पूजेला, लग्नाला, पाहुण्याला. गोड सुपारीची रुपयाची पुडी पोरं चॉकलेटच्या बरोबरीनं घेतात. पण तोंड आखडण्याचा हा जो आजार आहे तो मुळात सुपारीचा आहे, तंबाखू नसला तरी होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नुसत्या सुपारीला सुद्धा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे ज्यात तंबाखू आहे त्याच गटात. आम्ही पोरांच्या खिशातून गोड सुपारी काढायचो तेव्हा "हे ठीकंय, पण ते वाईट" असं सांगायचो. म्हणजे पहिली पायरी आम्हीच झाडून-पुसून ठेवत होतो.

वयाचं म्हणाल तर २०१९ च्या देशपातळीवरच्या सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले, आणि बिनधुराचा तंबाखू खाणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त, ५२ टक्के, दहावा वाढदिवस व्हायच्या आधीच लागलेले. दहा वर्षं म्हणजे चौथी. आणि आमचे व्यसनमुक्तीचे सगळे कार्यक्रम कुणासाठी? आठवी ते दहावी. गाडी गेल्यावर प्लॅटफॉर्मवर हार घेऊन उभं राहायचं.

शहरातलं चित्र वेगळं, ते मी जवळून पाहिलेलं नाही. माझी एक मैत्रीण मुंबईत महापालिकेच्या शाळेत आहे, तिच्याकडे खर्रा नाही, गुटखा आहे आणि सोल्युशन आहे. पंक्चर काढायचं सोल्युशन, पोरं सुलेशन म्हणतात, रुमालावर घेऊन हुंगायचं. पूर्वी व्हाइटनर होतं, बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरवर २०१२ ला बंदी आली, पेनसारखं तेवढं राहिलं. एम्सनं २०१९ ला जो मोठा अहवाल दिला त्यात हुंगायच्या नशेचा हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मोठ्यांपेक्षा पोरांचं प्रमाण जास्त, १० ते १७ वयात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. मैत्रीण म्हणते, भूक लागत नाही गं त्यानं, हे पोरांनीच मला सांगितलं. त्यावर मी काय बोलणार होते?

कायद्यांचं मला मोठं नवल वाटतं. २००३ च्या तंबाखू कायद्यात शाळेच्या १०० यार्डांत विकलं किंवा अठराखालच्या पोराला विकलं तर दंड किती, तर २०० रुपयांपर्यंत. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात त्याच पोराला तंबाखू दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एकच पुडी, एकच पोरगं. मधलं काही नाहीच. दोनशे रुपये कुणाला लागत नाहीत, आणि सात वर्षांसाठी मी कुणाविरुद्ध तक्रार देऊ, चौथीतल्या पोरीच्या आईविरुद्ध? की "जा रे आण" म्हणणाऱ्या बापाविरुद्ध? मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी, २०१२ ला, राज्यात गुटखाबंदी झाली, पुढं सुगंधित तंबाखूवरही आली. ठेल्यावरची पाटी उतरली, डबा काउंटरच्या खाली गेला. आमच्या जिल्ह्यात तर २०१५ ला दारूबंदी झाली आणि २०२१ ला उठली, म्हणजे मी पोरांना एका वर्षी "बेकायदेशीर आहे म्हणून" सांगत होते आणि पुढच्या वर्षी ते कारणच गेलं. तेव्हापासून मी पोरांना कायद्याचं कारण देत नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि ती टिकलीये त्यामागं गावोगावच्या बायका आहेत, तिथं आता दारू-तंबाखूवर मिळून 'मुक्तिपथ' नावाचं काम चालतं. त्यातल्या लोकांकडून मी एक गोष्ट उचलली, की पोराशी बोलण्याआधी गावाशी बोला.

गावाच्या आधी स्टाफरूम होती पण. पिवळा डबा घेऊन माझ्यामागे चालणारे आमचे गुरुजी, माणूस सोन्यासारखा, गणित असं शिकवायचे की ढ पोरगं पण त्रैराशिक करायचं, आणि गालात कायम खर्रा. रेघ मारताना पण. पोरं फळ्यावरचं गणित आणि गालातला गोळा दोन्ही बघत होती. हे त्यांना सांगायचं कोणी? मी वयानं लहान, त्यात बाई, त्यात 'पुण्याकडची' (इकडं साताऱ्याला पण पुणंच म्हणतात). शेवटी मी सांगितलंच नाही. ठेकेदारानं सांगितलं. दवाखान्यातून आल्यावर तो सगळ्यांना तीन बोटांची टेस्ट करायला लावत फिरत होता, ठेका घेतल्यासारखा, स्टाफरूमच्या दारात आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी पण घाला ना बोटं." गुरुजींनी घातली. दीड गेलं.

कुणी काही बोललं नाही. गुरुजी उठून बाहेर गेले, नळावर चूळ भरली, बराच वेळ भरत होते. त्यांनी त्या दिवशी सोडला आणि मग कधी शिवला नाही असं मी सांगितलं असतं तर छान झालं असतं. अकरा दिवस सोडला. त्या अकरा दिवसांत ते वर्गावर दोनदा उगाच चिडले, डोकं धरून बसले, मुलं घाबरली. मग मुलांनाच सांगितलं त्यांनी की माझं असं का होतंय. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. आता शाळेच्या वेळात खात नाहीत, घरी खातात असं त्यांची बायको म्हणते. पण ते अकरा दिवस मला कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त कामाला आले, कारण पोरांनी डोळ्यांनी बघितलं की सोडणं म्हणजे शपथ नाही, ते तापासारखं असतं, अंगावर काढावं लागतं, आणि मोठ्या माणसाला पण जमत नाही पटकन. त्यानंतर दोन पोरं स्वतःहून आली की मॅडम आम्हाला पण होते.

आता आम्ही काय करतो? फार काही नाही. खिसे तपासत नाही. कपाटात एक डबा आहे, बडीशेप, भाजलेले चणे, ज्याला हुक्की आली त्यानं हात वर न करता उठून घ्यायचं, पाणी प्यायचं, व्हरांड्यात एक चक्कर मारायची, परत येऊन बसायचं. पाच-दहा मिनिटांत लाट ओसरते बऱ्याचदा. सुरुवातीला सगळा वर्गच हुक्की आल्यासारखा चणे खायला उठायचा, ते व्हायचंच, चणे संपले. दर महिन्याला तीन बोटं. पहिली ते चौथीच्या आयांची बैठक, तिथं फक्त गोड सुपारीवर बोलायचं, दुसरं काही नाही. आणि एकच मागणं, पोराला आणायला पाठवू नका. तुम्ही खा, सोडा, तुमचा प्रश्न. फक्त स्वतः जाऊन आणा. यावर बायका जेवढ्या तावातावानं बोलल्या तेवढ्या कशावरच बोलल्या नाहीत. एक आजी म्हणाली, "माह्ये गुडघे दुखतात, मी कशी जाऊ?" दुसरी म्हणाली, "मंग खाऊ नको ना बुढे." हशा झाला, भांडण पण झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडं मारबत काढतात, रोगराई, ईडापीडा गावाबाहेर घालवायची, 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडत. आमच्या पोरांनी मागच्या वेळी पन्न्यांचीच मारबत केली, गावभर हिंडून वेचलेल्या खर्र्याच्या रिकाम्या पन्न्या, दोन पोती भरली, त्याचा पुतळा, गळ्यात सुपारीच्या पुड्यांची माळ. "खर्रा घेऊन जा गे मारबत!" म्हणत गावातून फिरले. लोक ओट्यावर बसून बघत होते, काहींच्या गालात तेव्हाही होताच. प्लॅस्टिक जाळू दिलं नाही मी, पोरं नाराज झाली. पोती अजून शाळेच्या खोलीत पडून आहेत, त्यांचं काय करायचं ते मला कळत नाहीये.

ठेकेदार आता नववीत, शेजारच्या गावातल्या हायस्कूलला सायकलनं जातो. डॉक्टरांनी त्याला आइस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम दिलाय. लाकडी चपट्या काड्या एकावर एक ठेवून गठ्ठा दातांमध्ये धरायचा, थोडा वेळ तसंच राहायचं, आठवड्या-दोन आठवड्यांनी जमेल तसं एक काडी वाढवायची. त्यानं १३ काड्यांवर सुरुवात केली. काड्या कमी पडायच्या म्हणून मी जत्रेत कुल्फीवाल्याकडून विकत घेऊन आणल्या होत्या, तो बघतच राहिला, कुल्फी नको फक्त काड्या द्या म्हणणारी बाई. जे आखडलंय ते पूर्ण परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, सुपारी बंद ठेवली तर आखडणं पुढं वाढायचं थांबू शकतं एवढंच. मधे दोनदा त्यानं खाल्लाय, स्वतःच येऊन सांगितलं, मी चिडले नाही, म्हणजे चिडले पण दाखवलं नाही. गेल्या महिन्यात १६ झाल्या. "दात दुखते जी मॅडम, पण जाते."

परवा शाळा सुटल्यावर मी घरी निघाले तर रेघेपलीकडं ठेल्यासमोर त्याचाच लहान भाऊ उभा, तिसरीतला, हातात वीसची नोट. मला बघून हात मागे. मी विचारलं कुणासाठी, तर म्हणाला बाबासाठी. मी काही बोलायच्या आत ठेल्यावरची बाई म्हणाली, पाटीवरचा हात न थांबवता, "मी नाही देत आता लेकराइले. जा, बापाले सांग, सोता ये म्हणा." पोरगं गेलं. मी तिथंच उभी राहिले, म्हटलं बघू. दहा मिनिटांनी बाप आला, चिखलाच्या पायानं, धानाच्या बांधीतून उठून, नोट ठेवली, पन्नी घेतली. माझ्याकडे बघितलं. गाठ सोडायला गेला होता, ती सोडली नाही, शर्टाच्या खिशात टाकली आणि तसाच परत गेला.